उंच इमारत, दोन मिनिटं आणि बरेच गैरसमज

आयईएलटीएसच्या स्पीकिंग परीक्षेत एक क्यू कार्ड अनेकांच्या वाट्याला येतं. तुमच्या शहरातल्या, तुम्हाला आवडणाऱ्या किंवा न आवडणाऱ्या एका उंच इमारतीबद्दल बोला. ती कुठे आहे, दिसते कशी, कशासाठी वापरतात आणि ती तुम्हाला का आवडते किंवा का आवडत नाही, एवढं सांगायचं. तयारीला एक मिनिट, बोलायला एक ते दोन मिनिटं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनला शिकायला किंवा नोकरीला जाऊ पाहणारी आपली मुलं या कार्डापाशी अडखळतात. त्यांचं इंग्रजी कच्चं असतं असं नाही. घरी आणि मित्रांत ती बरी बोलतात. परीक्षेबद्दलच्या ऐकीव समजुती मात्र त्यांच्या जिभेवर येऊन बसतात.

म्हणून आधी परीक्षा काय मोजते ते पाहू. संपूर्ण मुलाखत 11 ते 14 मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. पहिल्यात तुमच्या घराबद्दल, कामाबद्दल, आवडीनिवडीबद्दल साधे प्रश्न येतात, दुसऱ्यात हे कार्ड आणि तिसऱ्यात त्याच विषयावर थोडी खोल चर्चा. गुण, म्हणजे ‘बँड’, चार गोष्टींना मिळतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. चारही गोष्टींना सारखं वजन आहे. या चारांत सामान्यज्ञान कुठेही नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथूनच सुरू होतो.

‘इमारत जगप्रसिद्ध हवी आणि माहिती बिनचूक हवी’

तयार नोट्समध्ये या कार्डाखाली हमखास बुर्ज खलिफा सापडते. 828 मीटर, 2010 साली उद्घाटन, जगातली सर्वांत उंच. माहिती खरी आहे, पण कार्ड ‘तुमच्या शहरातली’ म्हणतं आणि नाशिकचा मुलगा दुबईबद्दल बोलू लागतो. उत्तर पहिल्याच वाक्यात रस्ता सोडतं.

‘आमच्या गावात कुठे आल्यात गगनचुंबी इमारती?’ हा प्रश्न सांगली-साताऱ्याची मुलं विचारतात. कार्डावर गगनचुंबी असं काही लिहिलेलं नसतं, नुसतं ‘उंच’ असतं. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत तर 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘हाय-राइज’ धरली जाते, म्हणजे साधारण पाचेक मजले. बसस्टँडसमोरचं सात मजली व्यापारी संकुल किंवा नुकतीच झालेली रुग्णालयाची इमारत पुरेशी आहे. आजूबाजूला सगळी बैठी घरं असतील तर ती उठूनही दिसते, आणि हेच सांगितलं की दोन चांगली वाक्यं तयार होतात.

मुंबईकरांना निवडायला भरपूर आहे, पण तेही आकड्यांच्या मागे लागतात. राजाबाई टॉवर घ्या. 1878 मध्ये पूर्ण झाला, उंची 85 मीटर, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, पैसा प्रेमचंद रायचंद यांचा आणि नाव त्यांच्या आईचं. एवढं सांगायला वीस सेकंदही लागत नाहीत, आणि त्यानंतर बोलणारा गप्प होतो, कारण आकड्याला पुढे काही फुटत नाही. आता कंबाला हिलवरची चार्ल्स कोरियांची कांचनजंगा पाहा. तिचे मजले 28 आहेत, हे एका वाक्यात संपतं. खरी गोष्ट पुढे आहे. मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेला, पण दुपारचं कडक ऊन आणि पावसाचा मारा यायचाही तिथूनच. जुन्या बंगल्यांना भोवताली व्हरांडा असायचा तो यासाठी. कोरियांनी हाच विचार उंच इमारतीत नेला आणि इमारतीच्या कोपऱ्यांवर दोन मजली उंचीच्या बागेसारख्या गच्च्या कोरल्या. हे सांगताना ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘दॅट्स व्हाय’ आपसूक येतात. परीक्षकाला वास्तुकलेचा अभ्यास नको असतो. एकातून दुसरं निघणारी वाक्यं हवी असतात, आणि ती कारणांतून निघतात.

त्याहूनही जवळची इमारत म्हणजे तुमची स्वतःची. लालबाग-परळला चाळीच्या जागी टॉवर उभे राहिले, त्यांत राहायला गेलेल्या कुटुंबातली मुलं परीक्षेला बसतात आणि उत्तरात अँटिलियाबद्दल बोलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांच्याकडे केवढं सांगण्यासारखं असतं! चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचो, हे सांगायचं तर ‘वी यूज्ड टू ड्राय अवर क्लोद्स इन द कॉमन गॅलरी’. आता काय, तर ‘द फ्लॅट इज बिगर, बट वी नो फ्यूअर नेबर्स’. लिफ्ट बंद पडली तर, ‘इफ द लिफ्ट स्टॉप्स, माय ग्रँडमदर कान्ट गो डाउन टु द टेम्पल’. तीन साधी वाक्यं आहेत. पण पहिल्यात भूतकाळातली सवय आली, दुसऱ्यात तुलना, तिसऱ्यात अट. व्याकरणाची विविधता म्हणून परीक्षक जे शोधतो ते हेच, आणि इथे व्याकरण आठवावंच लागलं नाही, आजी आठवली.

‘आवडते’च म्हणायला हवं, हीसुद्धा अशीच एक समजूत. कार्डावर न आवडण्याची मुभा दिलेली असते आणि परीक्षक मताला गुण देत नाही. समोरच्या टॉवरने घरातलं सकाळचं ऊन गेलं, गल्लीत गाड्यांची रांग लागते, उन्हाळ्यात टँकर येतात: नावडीला कारणं जास्त सापडतात आणि ती जास्त खरी असतात.

‘पाठ केलेलं उत्तर सुरक्षित’

ते सगळ्यात धोक्याचं. परीक्षक दिवसभर उमेदवारांशीच बोलत असतो. पाठांतराचा सूर वेगळा लागतो: वाक्यं सपाट आणि वेगाने येतात, डोळे वर छताकडे जातात, आणि पहिल्या भागात ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स बर्थ’ म्हणणारा माणूस दुसऱ्या भागात अचानक वर्तमानपत्रातल्या अग्रलेखासारखं बोलू लागतो. त्यातच दोन मिनिटं संपल्यावर एखादा छोटा प्रश्न येऊ शकतो, जसं की इतरांनाही ही इमारत आवडते का. पाठांतरात त्याचं उत्तर नसतं. ‘मग लक्षात ठेवायचं काय?’ असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, प्रसंग आणि तपशील ठेवा, वाक्यं ठेवू नका. एकच इमारत आज एका मित्राला, उद्या दुसऱ्याला वेगळ्या वाक्यांत सांगून पाहा.

तयारीचं एक मिनिटही याच कामाला लावायचं. तुम्हाला कागद-पेन्सिल मिळते. त्यावर वाक्यं लिहायला घेतली तर दीडच वाक्य होतं आणि मिनिट सरतं. ‘गॅलरी, कपडे, आजी, लिफ्ट, शेजारी’ एवढे पाच शब्द खरडले, तेही मराठीत लिहिले तरी कुणी तपासत नाही, तर दोन मिनिटं सहज निभतात.

‘भारी शब्दांशिवाय बँड वाढत नाही’

‘मॅग्निफिसंट’, ‘ब्रेथटेकिंग’, ‘आर्किटेक्चरल मार्व्हल’ हे त्रिकूट जवळपास प्रत्येक नोट्समध्ये असतं, आणि कोणत्याही इमारतीला लावता येतं, म्हणून कोणत्याच इमारतीबद्दल काही सांगत नाही. कमी वापरातले शब्द वरच्या बँडला मोजले जातात हे खरं, पण ते नेमके बसायला हवेत. टॉवरमध्ये राहणाऱ्याच्या तोंडी असे शब्द रोज असतात: पोडियम पार्किंग, मेन्टेनन्स, फायर ड्रिल, रेफ्यूज एरिया. रेफ्यूज एरिया म्हणजे आग लागली तर रहिवाशांनी थांबायची मोकळी जागा. तिचं नाव ऐनवेळी आठवलं नाही तरी बिघडत नाही. ‘द ओपन स्पेस व्हेअर वी वेट इफ देअर इज अ फायर’ असं सांगून पुढे गेलात तर अडलेल्या शब्दाभोवतून वाट काढण्याचं कौशल्य दिसतं, आणि शब्दसंपत्तीच्या निकषात त्या कौशल्याचा स्वतंत्र उल्लेख आहे.

‘गोऱ्यांसारखा ॲक्सेंट हवा’

नको. उच्चाराच्या निकषात प्रश्न एवढाच असतो की ऐकणाऱ्याला किती सहज कळतं. मराठी वळणाचं इंग्रजी बोलून उत्तम बँड मिळतो. अमेरिकन ‘आर’ गुंडाळण्याच्या नादात मुलं शब्दांचे शेवट गिळतात, आणि मग खरोखरच कळेनासं होतं.

आपली अडचण दुसरीकडे आहे आणि तिच्यावर मेहनत घेण्यासारखी आहे. मराठीत आपण शब्दातली अक्षरं बहुतेक सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत शब्दातल्या एका भागावर भार पडतो आणि बाकीचे दबतात. ‘बिल्डिंग’मध्ये ‘बिल्’वर, ‘अपार्टमेंट’मध्ये ‘पार्ट’वर, ‘रेसिडेन्शियल’मध्ये ‘डेन्’वर, ‘आर्किटेक्चर’मध्ये सुरुवातीच्या ‘आर्’वर. ‘डेव्हलपमेंट’ आपण ‘डे’वर जोर देऊन म्हणतो, तो ‘व्हे’वर हवा. या एका कार्डासाठी एवढे पाच शब्द मोठ्याने घोळवले तरी फरक कानाला जाणवतो. वाक्यातही तसंच. ‘द फ्लॅट इज बिगर, बट वी नो फ्यूअर नेबर्स’ यात ‘बिगर’ आणि ‘फ्यूअर’ उचलून म्हटले की अर्थ आधीच पोहोचतो. फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून फक्त याच गोष्टीसाठी ऐका.

थांबणं, चुकणं, तोडलं जाणं

विचार करायला थांबणं म्हणजे ओघ तुटणं नव्हे. काय सांगावं यासाठी थांबलेला आणि शब्द सापडत नाही म्हणून थांबलेला, यांत परीक्षक फरक करतो. वरच्या बँडचा माणूसही पहिल्या कारणाने थांबतो. चूक सुधारून पुढे गेलात तर हरकत नाही; दर वाक्यात मागे फिरायला लागलात की ओघाला बाधा येते. आणि दोन मिनिटांनी परीक्षक मध्येच थांबवतो तेव्हा मुलांचे चेहरे उतरतात. त्याला वेळेचं बंधन असतं, बाकी त्यात काही नाही. गुण जातात ते बोलणं फार लवकर आटोपलं तर, कारण परीक्षकाला ऐकायला काहीच उरत नाही.

‘तिसऱ्या भागात निबंध बोलून दाखवायचा’

इथे प्रश्न शहराकडे वळतात. उंच इमारती का वाढतात, खेड्यात त्या कमी का, फ्लॅट बरा की बंगला, पुढे काय होईल. फायदे तीन, तोटे तीन आणि शेवटी ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ हे शाळेतलं वळण इथे निर्जीव वाटतं. एक भूमिका घ्या, तिचं कारण सांगा आणि आपल्या शहरातलं उदाहरण द्या. मुंबईच्या माणसाकडे तर ते तयारच आहे: जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि लोअर परळ-वरळीच्या त्याच जमिनींवर आज टॉवर आणि मॉल आहेत. जागा अपुरी म्हणून इमारती वर जातात हे सगळेच सांगतात. त्या जागेवर आधी कोण काम करत होतं हे सांगणारा उमेदवार चर्चा पुढे नेतो, आणि परीक्षकाला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो.

प्रश्न नीट कळला नाही तर या भागात ‘कुड यू एक्स्प्लेन दॅट, प्लीज?’ असं बिनधास्त विचारा. परीक्षक तो वेगळ्या शब्दांत मांडू शकतो आणि विचारण्याचे गुण कापले जात नाहीत. अंदाजाने भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत राहिलात तर मात्र सुसंगतीला फटका बसतो.