झाकणाखालचा पंखा

जून १९७८. स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पच्या ट्रॅकवर ब्रॅबहॅम या फॉर्म्युला वन संघाच्या गाड्या उभ्या असल्या की त्यांच्या पाठीवर चक्क कचऱ्याच्या डब्याचं झाकण दिसे. झाकणाखाली भलामोठा पंखा होता.

त्या वर्षी लोटसची गाडी सगळ्यांना मागे टाकत होती. तिच्या पोटाचा आकारच असा, की खालून जाणारी हवा तिला रस्त्याकडे ओढून धरी. ब्रॅबहॅमचं आल्फा रोमिओ इंजिन मात्र आडवं पसरलेलं, त्या आकाराला जागाच नव्हती. तेव्हा डिझाइनर गॉर्डन मरेनं हवा पंख्यानं उपसायची ठरवली. पंखा गिअरबॉक्सवर फिरे. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला तरी ती बसकण मारायची.

हवेचा फायदा घेण्यासाठी हलता भाग लावायला नियमांत बंदी होती. मरेनं रेडिएटर इंजिनाच्या डोक्यावर आडवा टाकला आणि सांगितलं, पंखा इंजिन थंड ठेवायला आहे! गंमत म्हणजे ते खोटंही नव्हतं. ब्रॅबहॅमचा चालक निकी लाउडा तिथली शर्यत चौतीस सेकंदांच्या फरकानं जिंकला. इतर संघ खवळले आणि मालक बर्नी एकलस्टननं गाडी मागे घेतली. विजय मात्र कायम राहिला.

मरे मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा, जन्म १९४६चा. लोटसमध्ये काम मिळेल या आशेनं १९६९मध्ये इंग्लंडला आला आणि ब्रॅबहॅममध्ये रुजला. १९८१मध्ये गाडी जमिनीपासून सहा सेंटिमीटर उंच हवी असा नियम आला. पण मोजणार कधी? गाडी उभी असताना! मरेची गाडी वेगात हवेच्या दाबानं खाली बसे, परतताना पुन्हा वर येई. याला कुणी लबाडी म्हणेल. मला ते बारकाईचं वाचन वाटतं. ब्रॅबहॅमचा चालक नेल्सन पिके त्या वर्षी जगज्जेता झाला, १९८३मध्ये पुन्हा.

१९८६ची बुटकी गाडी मात्र फसली. इंजिन कलतं बसवल्यामुळे तेलाचं तंत्र बिघडलं, आणि त्याच गाडीची चाचणी घेताना चालक एलिओ दे आंजेलिसचा मृत्यू झाला. मरे मॅकलरेनमध्ये गेला. १९८८मध्ये त्या संघानं सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. त्या गाडीचं श्रेय मरेचं की तिथलाच डिझाइनर स्टीव्ह निकल्सचं, हा वाद अजून मिटलेला नाही.

मॅकलरेन एफ-वन ही रस्त्यावरची गाडी मात्र निर्विवाद मरेची: चालक मधोमध, दोन्ही बाजूंना किंचित मागे एकेक प्रवासी. शर्यतीसाठी ती आखलेलीच नव्हती, तरी १९९५मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

२०२०मध्ये मरेनं स्वतःच्या कंपनीची टी-फिफ्टी दाखवली. तिच्या पाठीत ४० सेंटिमीटरचा पंखा आहे, उघडाच.