टाकीपासून नोझलपर्यंत

वर्तमानपत्रांना निफाडची आठवण वर्षातून दोनदा येते. लासलगावला कांद्याचा भाव कोसळला म्हणजे, आणि थंडी पडली म्हणजे. डिसेंबर २०१८मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दोन अंशांच्याही खाली उतरला, तेव्हा द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटल्या होत्या आणि पहाटे वेलींना पाणी सोडण्यासाठी माणसे धावत होती. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. ते बागेत खेळले की मणी तडकण्याचा धोका जरा कमी होतो. अशा पहाटे वीज नसली तर सारी भिस्त डिझेल इंजिनवर. आणि इंजिन रुसते तेही नेमके अशाच पहाटे.

बँकेच्या नोकरीतली माझी बरीच वर्षे शेतीकर्जात गेली. पाच हॉर्सपॉवरची इंजिने, ट्रॅक्टर, फवारणीचे ब्लोअर या सगळ्यांची तारण-पाहणी करायला मळ्यामळ्यांत हिंडलो. थकलेल्या हप्त्याचा विषय काढला की पुष्कळदा एकच उत्तर येई, "इंजिन बसलंय साहेब." ‘बसलंय’ या शब्दात पिस्टनपासून नशिबापर्यंत सगळे काही मावत असे. पण फिटर आला की तो इंजिनाकडे पाहतही नसे. आधी टाकीचे झाकण काढून आत बॅटरीचा झोत टाकायचा, मग बोट बुडवून डिझेल चोळून पाहायचे, वास घ्यायचा. माझ्या आठवणीतली ‘बसलेली’ बहुतेक इंजिने टाकी ते नोझल या दोन-तीन हातांच्या वाटेवरच अडलेली निघाली.

ही विद्या आता वेगळ्याच गिऱ्हाइकाच्या कामी येते आहे. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र. हिवाळ्यात तिथे पक्षी पाहायला गर्दी होते. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१मध्ये आले, आणि अधूनमधून त्या गर्दीत चाकावरची घरेही दिसू लागली. आत गॅस, फ्रिज, झोपायची फळी, सगळा संसार. असेच एक निवृत्त जोडपे गेल्या जानेवारीत आमच्या रस्त्यावर अडकले होते. गाडी सपाटीला नीट चालायची, चढ आला की दम तोडायची, शेवटी बंदच पडली. फोनवरून कुणीतरी त्यांना इंजिन उतरवण्याचा सल्ला देऊन ठेवला होता. आमच्या फिटरने पहिला प्रश्न विचारला, "काका, गाडी किती दिवस उभी होती?"

आठ महिने. सोसायटीच्या आवारात, अर्ध्या टाकीने.

पुढचे त्याने न बघताही सांगितले असते. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवा असते, हवेत दमटपणा असतो. दिवसाच्या उन्हानंतर रात्र गार झाली की टाकीच्या पत्र्यावर दव धरते आणि ते थेंब तळाशी जातात, कारण पाण्यापेक्षा डिझेल हलके. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात. त्यांची काळी, बुळबुळीत साय गाडी हलली की उसळते आणि थेट फिल्टरवर जाऊन बसते. सपाटीला इंजिनाला डिझेल थोडे लागते, तेवढे झिरपून मिळते. चढावर मागणी वाढते आणि पुरवठा तुटतो. फिटरने फिल्टरखालचा नळ सैल करून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत डिझेल घेतले आणि बाटली पाच मिनिटे बॉनेटवर ठेवली. तळाशी दोन बोटे पाणी आले. बाईंनी ती बाटली उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच काही शे अंश तापते, आणि त्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा. म्हणून सारा खेळ फवाऱ्याचा. स्टार्टर फिरतो पण धुराड्यातून काहीच येत नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर आला तर पोचते आहे, पण जळत नाही: गारठा किंवा पाणी. काळा धूर म्हणजे बहुधा हवेचा फिल्टर कोंदला आहे. सुरू होऊन मिनिटभरात बंद पडले तर कुठेतरी पाइपने हवा ओढली. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे पंप नुसताच हवेशी झटत बसतो आणि नोझल उघडत नाही. एक मजेचा आजार असा, की इंजिन अर्धा तास छान चालते, थांबते, आणि टाकीचे झाकण उघडले की ‘फुस्स’ होऊन पुन्हा चालू लागते. टाकीला श्वास घेण्यासाठी जे छिद्र असते, त्यात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले असते.

थंडीचा आजार आणखी वेगळा. डिझेलात मेण असते आणि गारठ्यात ते गोठून फिल्टरवर थर धरते. म्हणून भारतीय मानकात हिवाळी आणि उन्हाळी डिझेलची मर्यादा निराळी आहे. हिवाळी डिझेल सहा अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे, उन्हाळी डिझेलला अठरापर्यंतच मुभा. ऑक्टोबरात बॅरल भरून ठेवणारा शेतकरी डिसेंबरच्या पहाटे का अडतो, ते यात आले. फिल्टरवर गरम पाण्याची फडकी ठेवावीत किंवा उन्हाची वाट पाहावी. टाकीखाली टेंभा धरणारे मी पाहिले आहेत. त्यांना धाडसी म्हणायची माझी तयारी नाही.

पूर्वी हवा काढायला फिटर नोझलच्या पाइपाची नटे एकेक करून सैल करी आणि इंजिन फिरवी. त्या मोटरहोमपाशी मात्र त्याने पाना बाजूला ठेवला. नव्या कॉमन रेल इंजिनात त्या पाइपात दीड-दोन हजार बारचा दाब असतो. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार असतो, यावरून अंदाज यावा. केसाएवढी धार कातडीखाली डिझेल घुसवते, वर दिसते फक्त टाचणी टोचल्यासारखे, आणि हात गमवायची वेळ येते. त्याने नवा फिल्टर बसवला, हातपंप कडक होईपर्यंत दाबला, चावी दोन-तीनदा नुसती उघडून बंद केली. मग गाडी लागली. टाकी मात्र नाशिकला उतरवून धुवायलाच लागेल, हेही बजावले.

नाशिक आणि नोझल यांचे नाते तर जुनेच. सातपूरच्या कारखान्यात नोझल घडतात. २००८मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, तरी नाशिककर मायकोच म्हणतात आणि चौकालाही मायको सर्कल. नोझलच्या सुईत आणि तिच्या घरात फट असते दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस त्याच्या वीसपट तरी जाड. तिथे वंगण म्हणून दुसरे काही नसते, डिझेलच.

म्हणूनच भेसळ. जुनी इंजिने काहीही पचवत. पॅरिसच्या १९००च्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. रॉकेल मिसळलेले डिझेलही ती मुकाट्याने जाळत, पंप झिजे तो पुढे कधीतरी. रेशनचे रॉकेल लिटरला बारा-तेरा रुपये आणि डिझेल चाळिशीच्या आसपास, हा तो काळ. निफाडहून रेल्वेने लासलगाव ओलांडून मनमाडला उतरावे, तिथून जवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी तिथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी भेसळीच्या संशयावरून गाडी थांबवली, आणि त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्या आठवड्यात आमच्या शाखेत आलेल्या ट्रॅक्टरवाल्यांपैकी कुणीच इंजिनाची तक्रार केली नाही. सगळे नुसते बसून राहत.

रेशनचे रॉकेल आता बहुतेक गावांतून नाहीसे झाले आहे, तरी पंपावर घनता विचारायचा गिऱ्हाइकाचा हक्क आहे तसाच आहे. पंपावर हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि मोठे नळकांडे ठेवावेच लागते. पंधरा अंशांना आणलेली घनता नोंदवहीतल्या आकड्यापासून तीन एककांहून जास्त हलली, तर माल संशयास्पद. मोजा म्हटले की पंपावरचा पोरगा आधी तोंडाकडे पाहतो. पाहू द्यावे. टँकर नुकताच रिता होत असेल तर मात्र थांबू नये, पुढचा पंप गाठावा. तळाचा गाळ तेव्हा ढवळलेला असतो.

आमच्याकडचे जुने शेतकरी बॅरलच्या तळचे चार बोटे डिझेल इंजिनात कधी घालत नसत. ते डब्यात काढून ठेवत आणि नांगराचे फाळ पुसायला, मळ्याच्या दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना वापरत.