विश्लेषण : सॉफ्टवेअर ‘बंद खोलीत’ का बांधतात? आणि कोणती खोली वेगवान?

मुरबाड तालुक्यातील धसई हे १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. किराणा दुकानापासून वडापावच्या गाडीपर्यंत कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे पोहोचली. दुकानदाराला दिसते ते यंत्र. पण पैसे सुरक्षित राहतात ते त्यामागच्या सॉफ्टवेअरवर. ते कुठे आणि कसे तयार होते, हा प्रश्न म्हणूनच धसईच्या ग्राहकाचाही आहे.

पॅकेज ‘बांधणे’ म्हणजे काय?

प्रोग्रामर लिहितो तो मूळ कोड संगणक थेट चालवू शकत नाही. त्याचे भाषांतर करून, लागणाऱ्या फाइलींसह एक गठ्ठा तयार करावा लागतो. हा गठ्ठा म्हणजे पॅकेज आणि ही प्रक्रिया म्हणजे बिल्ड. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘डेबियन १३’ या लिनक्स प्रणालीत अशी ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत.

वेगळी खोली कशासाठी?

भाताची मळणी करण्याआधी शेतकरी खळे सारवून घेतो. आधीच्या वाणाचे दाणे राहिले, तर कोलमच्या बियाण्यात भेसळ होते. संगणकाचेही तसेच आहे. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर आधीपासून असलेली एखादी फाइल नकळत वापरली गेली, तर पॅकेज त्याच्याकडे चालते, इतरांकडे बंद पडते. म्हणून प्रत्येक वेळी कोऱ्या, बंदिस्त वातावरणात बांधणी होते. डेबियनमध्ये त्यासाठी ‘पीबिल्डर’ व ‘एसबिल्ड’, तर फेडोरामध्ये ‘मॉक’ ही साधने आहेत.

वेळ नेमका कुठे जातो?

दोन टप्प्यांत. आधी खोली तयार करणे, म्हणजे मूळ प्रणाली उलगडून लागणारी साधने बसवणे. मग प्रत्यक्ष बांधणी. समजा, खोली तयार व्हायला ९० सेकंद आणि एक छोटे फॉन्ट पॅकेज बांधायला १० सेकंद लागतात. तयारी ३० सेकंदांवर आणली, तर १०० सेकंदांचे काम ४० सेकंदांत होते. पण दोन तास चालणाऱ्या ब्राउझरच्या बांधणीत तेच ६० सेकंद एक टक्काही नाहीत. त्यामुळे ‘कोणते साधन वेगवान’ याचे उत्तर पॅकेजच्या आकारावर अवलंबून असते.

वेग कसा वाढवतात?

पीबिल्डर दर वेळी मूळ प्रणालीची गाठोडी पुन्हा उलगडतो, म्हणजे खळे नव्याने सारवण्यासारखे. त्याऐवजी मूळ प्रणालीवर तात्पुरता थर अंथरता येतो. काम झाले की ताडपत्री झटकावी तसा तो थर टाकून द्यायचा. यात तयारीचा वेळ वाचतो. दुसरा उपाय डिस्कऐवजी रॅममध्ये काम करण्याचा. मात्र रॅम भरली की बांधणी अर्ध्यावर कोसळते. तिसरा उपाय ‘ईटमायडेटा’. पॅकेज बसवताना ‘फाइल डिस्कवर पक्की लिहिली ना?’ अशी विचारणा वारंवार होते. हे साधन ती टाळते. वीज गेल्यास मजकूर हरवू शकतो, पण खोली मुळात फेकून देण्याचीच असल्याने नुकसान नाही. रोजच्या संगणकावर मात्र हा प्रयोग करू नये. पूर्ण आभासी संगणक वापरला, तर अलगपणा वाढतो, पण तो सुरू होण्याचा वेळ जोडला जातो.

तुलना करताना काय पाहावे?

संगणक तोच, पॅकेज तेच आणि वापरलेले प्रोसेसर-कोअर तितकेच हवेत. पहिल्या फेरीत इंटरनेटवरून फाइली उतरवण्याचा वेळ मिसळतो, म्हणून ती बाजूला ठेवावी. नंतरच्या तीन-चार फेऱ्यांत तयारी आणि बांधणीचा वेळ वेगवेगळा नोंदवावा. केवळ एकूण आकडा फसवा ठरतो.

वेगापायी सुरक्षा गमावली तर?

डिसेंबर २०२०मध्ये ‘सोलरविंड्स’ प्रकरण उघड झाले. हल्लेखोरांनी कंपनीच्या बांधणी यंत्रणेतच घुसून कोड बदलला होता. दूषित अपडेट सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत गेले असावे, असे कंपनीने सांगितले. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या पॅकेजमध्ये चोरदरवाजा सापडला. तो डेबियन वा फेडोरा पद्धतीचे पॅकेज बांधले जात असतानाच आत शिरत असे. बंद खोली स्वच्छ होती, आत आणलेला मालच खराब होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला, कारण लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता.

सारांश काय?

खोली वेगाने तयार करण्यात काही गैर नाही. ती कोरी न ठेवता वेळ वाचवणे धोक्याचे. एकाच कोडमधून दोन ठिकाणी स्वतंत्रपणे बांधलेली पॅकेजेस तंतोतंत सारखी निघतात का, हेही आता तपासले जाते. धसईच्या दुकानात कार्ड स्वाइप केल्यावर मिळणाऱ्या पावतीवरचा विश्वास अशाच तपासण्यांवर उभा आहे.