अणुभट्टीची घाई आणि पहारेकऱ्याचे स्वातंत्र्य

अमेरिकेच्या संसदेत दोन्ही पक्षांचे एकमत व्हावे असे विषय आता फारसे उरलेले नाहीत. तथापि १८ जून २०२४ रोजी सिनेटने एक विधेयक ८८ विरुद्ध २ मतांनी संमत केले आणि ९ जुलै रोजी अध्यक्ष बायडेन यांच्या स्वाक्षरीने त्याचा कायदा झाला. ‘अ‍ॅडव्हान्स’ या संक्षिप्त नावाचा हा कायदा नव्या धर्तीच्या अणुभट्ट्यांचा मार्ग सुकर करण्यासाठी आहे. अशा भट्ट्यांच्या अर्जदारांचे शुल्क कमी करावे, अगदी लहान भट्ट्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन तयार करावे आणि नियामक आयोगाने आपल्या ध्येयवाक्यात कार्यक्षमतेलाही स्थान द्यावे, अशा तरतुदी त्यात आहेत.

हेतूविषयी दुमत असण्याचे कारण नाही. जॉर्जियातील व्होग्टल येथील दोन मोठ्या भट्ट्या नियोजित काळानंतर सुमारे सात वर्षांनी, २०२३ व २०२४ साली सुरू झाल्या आणि खर्च तीस अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला. विलंब कमी व्हावा असे कोणालाही वाटेल. प्रश्न आहे तो ध्येयवाक्याचा. अणुऊर्जेचा प्रसार करणे आणि तिच्यावर देखरेख ठेवणे ही दोन्ही कामे पूर्वी तेथे एकाच आयोगाकडे होती. वकील आणि न्यायाधीश एकच असावा, तसा हा प्रकार होता. म्हणूनच १९७४ च्या कायद्याने तो आयोग मोडून देखरेखीसाठी स्वतंत्र नियामक आयोग निर्माण करण्यात आला.

ती भिंत आता खचू लागली आहे काय? मे २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या भट्टीच्या अर्जावर अठरा महिन्यांच्या आत निर्णय देण्याचे फर्मान काढले. पुढल्याच महिन्यात आयोगाच्या एका सदस्याला मुदत संपण्यापूर्वी पदावरून दूर करण्यात आले.

वास्तविक परवाना हीच एकमेव अडचण नव्हे. न्यूस्केल कंपनीच्या लहान भट्टीच्या आराखड्यावर आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये प्रमाणपत्राची मोहोर उठविली. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयडाहोतील तिची योजना बारगळली. कारण विजेचा अंदाजित दर युनिटला ५.८ सेंटवरून ८.९ सेंटवर चढला आणि ती घेण्यास पुरेशी गावे पुढे आली नाहीत. तेथे नडला तो खर्च; पहारेकऱ्याला घाई करून तो कमी होत नाही.

हा प्रश्न केवळ परदेशाचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या संसदेनेही ‘शांति’ कायदा करून अणुवीजनिर्मितीची दारे खाजगी कंपन्यांना उघडली आणि त्याचबरोबर अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला. हा दर्जा कागदावर मिळाला. तो व्यवहारात टिकतो किंवा नाही, याची कसोटी मंडळ ज्या दिवशी एखाद्या बलाढ्य अर्जदाराला ‘नाही’ म्हणेल, त्या दिवशी लागेल.