काच किती काळी?

गडचांदूरहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी थांबून मोटारींच्या काचा पाहा. काहींच्या काचा स्वच्छ असतात, काहींच्या किंचित हिरवट, तर काहींच्या इतक्या काळ्या, की आत माणूस आहे की नाही तेही कळू नये. मालकाला कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : “ऊन किती तापून राहिलं, सर!” ते खोटे नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर चढतो. तरीही कायदा काळ्या काचेला आडकाठी करतो. का बरे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील शंभरावा नियम असे सांगतो की, मोटारीच्या समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नियम काचेवर चिकटवलेल्या फिल्मविषयी नव्हे, तर काच व फिल्म मिळून जे काही होते त्याविषयी बोलतो. दुकानदार ‘५० टक्क्यांची फिल्म’ देतो आणि गिऱ्हाईक निश्चिंत होते. गणित येथेच चुकते.

प्रकाश हवेतून काचेत शिरताना सुमारे ४ टक्के परत फिरतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना पुन्हा तेवढाच. म्हणजे काच कितीही निर्मळ असली तरी ०.९६ × ०.९६, म्हणजे ९२ टक्क्यांहून अधिक प्रकाश पलीकडे जात नाही. मोटारीच्या काचेत थोडे लोह असते, म्हणून ती हिरवट दिसते. अशी एखादी काच ७५ टक्के प्रकाश जाऊ देते असे समजा. तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली तर उत्तर काय? पुष्कळ विद्यार्थी येथे वजाबाकी करतात. पण फिल्म उरलेल्या प्रकाशातला निम्मा अडवते, म्हणून गुणाकार हवा : ०.७५ × ०.५० = ०.३७५. पन्नासाची मर्यादा हुकली. ७० टक्क्यांची फिल्म लावली तर ५२.५ टक्के. बाजूच्या काचेला हे कसेबसे चालले असते, समोरच्या काचेला मुळीच नाही.

आता बाहेर उभे राहून आत पाहू. आतला माणूस आपल्याला दिसतो तो बाहेरून आत गेलेल्या आणि त्याच्या अंगावरून परतलेल्या प्रकाशामुळे. म्हणजे हा प्रकाश काच दोनदा ओलांडतो. काच एकूण १५ टक्के प्रकाश सोडत असेल तर चालकाला बाहेरचे जग १५ टक्के उजेडात दिसते, पण आपल्यापर्यंत ०.१५ × ०.१५, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्केच परत येतो. त्यातलाही पुष्कळसा भाग आतल्या माणसाचे कपडे व कातडी शोषून घेतात. उलट काचेचा बाहेरचा पृष्ठभाग आकाशाचा ४ टक्के प्रकाश थेट आपल्या डोळ्यांत फेकतो. त्या झगमगाटात आतला चेहरा हरवून जातो. अशी काच एका बाजूनेच दिसू देते, यात जादू कसलीच नाही. एका बाजूला साधा गुणक आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याचा वर्ग, एवढेच.

या वर्गाचे परिणाम साधे नाहीत. सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी रस्ता ओलांडण्याआधी काय करते? ती येणाऱ्या चालकाच्या चेहऱ्याकडे पाहते. त्याने आपल्याला पाहिले का, हे तिला त्याच्या नजरेवरून कळते. काळ्या काचेआड ही नजरानजर होतच नाही. शिवाय आत कोण आहे, काय चालले आहे, हे पोलिसांनाही दिसत नाही. अशा मोटारींतून घडणारे गुन्हे आणि होणारे अपघात लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी एका जनहित याचिकेवर निकाल दिला. काचेवर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म चिकटवण्यास ४ मे २०१२ पासून मनाई झाली. कारखान्यातच मर्यादेत रंगवलेली काच मात्र चालेल, असे न्यायालयाने म्हटले. पुढे नियमाची शब्दरचना बदलली. १ एप्रिल २०२१ पासून सुरक्षा-काचेच्या जोडीला प्लॅस्टिकचा थर असलेल्या प्रमाणित काचेलाही त्यात जागा मिळाली. त्याच्या आधारे सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेत बसणाऱ्या फिल्मला हरकत नाही असा निर्णय दिला. कायद्याचा हा कीस वकिलांवर सोपवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ७० आणि ५० हे आकडे जागचे हललेले नाहीत.

“पण मला तर सगळे स्पष्ट दिसते,” असे काळ्या काचेचा मालक म्हणतो. दुपारी ते अगदी खरे असते. भर उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. त्याचे १५ टक्के म्हणजे १५,००० लक्स, आणि आपल्या वर्गात तर काही शेच लक्स असतात! खरी परीक्षा दिवेलागणीला होते. सूर्य मावळून थोडा वेळ झाला की उजेड १० लक्सपर्यंत उतरतो. काचेमागे त्याचा उरतो दीड. डोळ्याची बाहुली उन्हात सुमारे २ मिलिमीटर असते, ती अंधारात ७ पर्यंत विस्फारते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्याने प्रकाश बारा पट अधिक आत येतो. संध्याकाळी यातला बराचसा साठा आधीच खर्च झालेला असतो. वय वाढले की बाहुली एवढी मोठी होतही नाही. मग दृष्टिपटलावरील रंग व बारकावे टिपणाऱ्या शंक्वाकार पेशी मागे पडतात आणि दंडाकार पेशी काम पाहू लागतात. त्यांना रंग कळत नाही, आकृतीही पुसट दिसते. डांबरी रस्त्यावर दिवा नसलेली सायकल, काळी म्हैस किंवा जंगलपट्टीतून एकाएकी बाहेर आलेले रानडुक्कर यांचा आणि रस्त्याचा उजळपणा आधीच जवळजवळ सारखा असतो. तो थोडासा फरक ओळखायला डोळ्याला भरपूर प्रकाश लागतो, आणि नेमका तोच कमी पडतो.

कमी प्रकाशात डोळ्याचा संदेश मेंदूकडे उशिरा पोहोचतो, हेही तुम्हांला घरीच पाहता येईल. दोऱ्याला एक गोटी बांधून ती डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत झुलवा. दोन मीटरवर बसा. एका डोळ्यासमोर गॉगलची काळी काच धरा आणि दोन्ही डोळ्यांनी पाहा. गोटी लंबवर्तुळात फिरताना दिसेल! काच दुसऱ्या डोळ्यासमोर धरली की फिरण्याची दिशा उलटते. झाकलेल्या डोळ्याला गोटी किंचित मागच्या जागी दिसते, आणि दोन डोळ्यांतल्या या तफावतीला मेंदू खोली समजतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुलफ्रिख याने १९२२ साली याचे विवेचन केले. गंमत म्हणजे तो एका डोळ्याने आंधळा होता, त्यामुळे हा देखावा त्याला स्वतःला कधी दिसणे शक्य नव्हते. हा उशीर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या मोटारीला तो वीतभराहूनही कमी अंतराचा पडतो. तेव्हा मुख्य धोका हा नव्हे. वस्तू मुळातच उशिरा नजरेस येणे, हा होय.

राहिला उन्हाचा प्रश्न. सूर्याच्या उष्णतेपैकी निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा अवरक्त किरणांतून येते, आणि ते डोळ्याला दिसतच नाहीत. म्हणून काच काळी दिसणे आणि तिने उष्णता अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधी रंगीत फिल्म दृश्य प्रकाश शोषते, स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आतच सोडते. हिरवट काचेतले लोह मात्र अवरक्ताचा मोठा वाटा शोषते आणि पाहण्यापुरता प्रकाश जाऊ देते. उभ्या मोटारीला तर कडुनिंबाची सावली, समोरच्या काचेवर आतून पांढरा पडदा आणि बोटभर उघडी काच हाच उत्तम उपाय.

एखादी काच किती टक्के प्रकाश सोडते हे शाळेच्या प्रयोगशाळेतही मोजता येते. जाड कागदावर तेलाचा एक डाग पाडून तो उभा करा. अंधाऱ्या खोलीत त्याच्या दोन्ही बाजूंना १०० सेंटिमीटरवर एकाच बनावटीचे दोन दिवे ठेवा. डाग दोन्हीकडून सारखाच दिसला पाहिजे. आता एका दिव्यासमोर काच धरा आणि डाग पुन्हा सारखा दिसेपर्यंत तो दिवा काचेसह जवळ आणा. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून नव्या अंतराला १०० ने भागून वर्ग केला की टक्केवारी मिळते. अंतर सुमारे ८४ सेंटिमीटर आले तर ७० टक्के, ७१ आले तर ५० टक्के.

नियमात आणखी एक गोष्ट आहे. काच नुसती तशी असून भागत नाही, ती तशा स्थितीत राखलीही पाहिजे. आपल्या गावात सिमेंटचे ट्रक रात्रंदिवस धावतात. रस्त्याकडेच्या खिडकीत काचेचा एक स्वच्छ तुकडा आठवडाभर न पुसता ठेवा आणि मग तो दिव्यासमोर धरून पाहा, दिवा ८४ च्या आत आणावा लागतो का.