मते अधिक, जागा कमी

लोकशाही म्हणजे बहुमताचे राज्य, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील पहिलेच सूत्र होय. परंतु हे बहुमत मतदारांचे मोजावयाचे की प्रतिनिधींचे? भूमध्य समुद्रातील अवघ्या ३१६ चौरस किलोमीटरच्या माल्टा या द्वीपराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सहा वर्षे अस्वस्थतेत काढावी लागली.

माल्टाच्या राजकारणात दोनच प्रबळ पक्ष आहेत. एक मजूर पक्ष आणि दुसरा नॅशनलिस्ट पक्ष. कॅथलिक परंपरा, खाजगी उद्योग आणि पश्चिम युरोपशी सख्य यांवर उभा असलेला हा दुसरा पक्ष किंचित उजवीकडे झुकलेला मध्यममार्गी. १९६४ साली देश स्वतंत्र झाला तो याच पक्षाचे बोर्ग ऑलिव्हिये पंतप्रधान असताना. पुढे १९७१ पासून मात्र मजूर पक्षाच्या डॉम मिंटॉफ यांचे युग सुरू झाले.

१९८१ च्या निवडणुकीत एडी फेनेक अदामी यांच्या नेतृत्वाखालील नॅशनलिस्ट पक्षाला सुमारे ५०.९ टक्के मते मिळाली. जागा मात्र ६५ पैकी ३१. उरलेल्या ३४ जागांच्या बळावर मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला. यामागील गणित सरळ होते. मतदारसंघ तेरा, प्रत्येकी जागा पाच. एखाद्या पक्षाने आठ मतदारसंघांत काठावरच्या बहुमताने तीन-तीन आणि उरलेल्या पाचांत दोन-दोन जागा मिळविल्या, तर बेरीज ३४ होते. त्या पाचांतील प्रतिस्पर्ध्याचे भरघोस मताधिक्य वाया जाते. साहजिकच, मतदारसंघांच्या सीमा हेतुपुरस्सर आखल्याचा आरोप झाला. विरोधकांनी १९८३ पर्यंत संसदेवर बहिष्कार टाकला. वातावरण उत्तरोत्तर तापत गेले. डिसेंबर १९८६ मध्ये गुड्या गावी नॅशनलिस्ट पक्षाच्या क्लबवर झालेल्या गोळीबारात एका कार्यकर्त्याचा बळी गेला.

अखेर १९८७ च्या आरंभी दोन्ही पक्षांनी देवघेव केली. मजूर पक्षाला प्रिय असलेले तटस्थतेचे तत्त्व राज्यघटनेत आले. त्याचबरोबर, निम्म्याहून अधिक मते मिळविणाऱ्या पक्षाला जागा कमी पडल्यास जादा जागा देऊन त्याचे बहुमत सिद्ध करावे, हेही ठरले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत पुन्हा ३४ विरुद्ध ३१ असाच कौल आला. परंतु चार जादा जागांमुळे नॅशनलिस्ट पक्ष ३५ विरुद्ध ३४ असा सत्तारूढ झाला.

नियमाची खरी कसोटी मात्र पुढेच होती. नॅशनलिस्ट सरकारने १९९५ साली मूल्यवर्धित कर लागू केला. तो रद्द करण्याचे आश्वासन देत मजूर पक्षाने १९९६ ची निवडणूक लढविली आणि ५०.७ टक्के मते मिळविली. मतदारसंघांतील जागा मात्र ३१. जुना नियम असता, तर कमी मतांवरही नॅशनलिस्ट पक्षच सत्तेवर राहिला असता. स्वतः आग्रहाने मिळविलेल्या तरतुदीनेच त्याला सत्ता सोडावयास लावली, आणि त्याने ती सोडली. १९९८ साली तो मतदारांच्या कौलाने परतला. २००४ मध्ये देशाला युरोपीय संघात घेऊन गेला. २०१३, २०१७ आणि २०२२ मध्ये मात्र त्याचा निर्विवाद पराभव झाला.

आपल्यावर अन्याय झाला असता न्याय्य नियम मागणे सोपे असते. तोच नियम आपल्याविरुद्ध गेल्यावर तो निमूटपणे पाळणे, हीच पक्षांच्या लोकशाहीनिष्ठेची खरी परीक्षा होय. ती देण्यासाठी राष्ट्र मोठेच असावे लागते असे नाही.