कडेची फट

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या शिवारात उसाची ट्रॉली मोडली तर कंपनीच्या माणसाची वाट कुणी बघत बसत नाही. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या शेडपुढं ती उभी केली जाते, ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात आणि सांजेला ट्रॉली पुन्हा फडात जाते. या पट्ट्याची लोखंडाशी ओळख जुनी. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळ, निवडुंगाच्या माळावर कारखाना थाटला. त्यांचा माल होता लोखंडी नांगर. पुढं स्टेशनाचं नावच किर्लोस्करवाडी झालं. बाहेरून आलेलं यंत्र खोलायचं, समजून घ्यायचं आणि आपल्या कामाला येईल असं बदलायचं, ही खोड इथं तेव्हापासून मुरली असावी.

तिचा गाजलेला अलीकडचा नमुना सागरेश्वरच्या डोंगरापलीकडचा. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका लोहार कारागिरानं मुलाची गाडीची हौस पुरवायला भंगारातले भाग जमवून छोटी जीप उभी केली. इंजिन दुचाकीचं, चाकं रिक्षाची, स्टीअरिंग डावीकडं, आणि चालू करायची ती मोटरसायकलसारखी किक मारून. खर्च साठेक हजार. डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ उद्योगपती आनंद महिंद्रांनी पाहिला. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, असं सांगून त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो घरी आली आणि जीप महिंद्रा कंपनीकडं गेली.

त्या जीपचं कौतुक झालं ते काटकसरीचं. मला त्यात दुसराच प्रश्न दिसतो. मोटरसायकलचं इंजिन थंड राहतं ते उघड्यावर असतं म्हणून; समोरचा वारा सिलिंडरच्या पातळ पंखांना घासून जातो. तेच इंजिन बोनेटखाली घातलं की हा वारा बंद. रिक्षा आणि स्कूटरवाल्यांनी यावर तोड कधीच काढली होती. बजाज चेतकचं इंजिन उजव्या डब्यात झाकलेलं असे, म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती आणि वर पत्र्याचं कवच. गाडी सिग्नलला उभी असली तरी पंखा वारा सिलिंडरवर ढकलत राही. डब्याच्या पत्र्याला फटी होत्या त्या हवेसाठी. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांनी हे इंजिनिअरिंग रोज फडक्यानं पुसलं, पण फटीचं काम काय हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

घरच्या घरी गाडीच्या कडेला स्पोर्ट्स कारसारख्या फटी पाडायची हौस आता छोट्या गावांतही पोचली आहे. बाजारात चिकटवायच्या नकली फटी मिळतात, दुहेरी टेप लावली की काम झालं. त्यांच्याबद्दल बोलायचं कारण नाही. मात्र या नकलीपणालाही इतिहास आहे. अमेरिकेत ब्यूइक कंपनीतल्या नेड निकल्स या डिझायनरनं स्वतःच्या गाडीच्या बोनेटच्या कडेला भोकं पाडून आत पिवळे दिवे बसवले. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की दिवा लागे, जणू लढाऊ विमानाच्या धुराड्यातून ज्वाळा निघतायत. कंपनीच्या साहेबांना ती कल्पना भावली आणि 1949 च्या ब्यूइकवर दिव्यांशिवाय ती भोकं आली. महागड्या रोडमास्टरला एका कडेला चार, स्वस्त गाड्यांना तीन. शेजाऱ्यानं कितीची गाडी घेतली ते भोकं मोजून कळे. हवेचा संबंध पुढं फारसा उरलाच नाही.

खरी गरज कशी असते ते लॅम्बोर्गिनी काउंटाशनं दाखवलं. 1971 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली पहिली गाडी अगदी नितळ होती, कडेला नुसत्या बारीक झडपा. इंजिन माणसाच्या पाठीमागं. चाचणीत ते तापायला लागलं. मग त्या देखण्या पत्र्याला कात्री लागली: खिडकीमागं खोक्यासारखी हवा ओढणारी तोंडं बसली आणि दारापासून मागं जाणारी निमुळती खाच पडली. ही खाच अमेरिकन विमानसंशोधन संस्थेनं 1940 च्या दशकात शोधलेली. पुढं अरुंद, मागं रुंद, उतरत जाणारी. तिच्या कडांवर हवेचे भोवरे तयार होतात आणि तेच बाहेरची वेगवान हवा आत खेचतात. वर काही उचलून धरावं लागत नाही. 1974 मध्ये गाडी विक्रीला आली ती या जखमांसकट. आज लोक त्याच जखमांची पोस्टर लावतात.

म्हणजे कडेच्या फटीचे दोन प्रकार. मागच्या चाकाच्या पुढं असेल तर ती सहसा हवा आत घेते आणि इंजिन मागं असेल तेव्हा तिला खरा अर्थ असतो. पुढच्या चाकाच्या मागं असेल तर हवा बाहेर सोडते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं इंजिन पुढं, तेव्हा कामाची ती दुसरी. रेडिएटरमधून आलेली गरम हवा बोनेटखाली कोंडते, फिरतं चाक मडगार्डच्या पोकळीत आणखी हवा कोंबतं. आतली हवा निघाली नाही तर बाहेरची शिरणार कुठून? गाडी तापते तेव्हा पुढची जाळी मोठी करणारे बरेच भेटतात. मागचं दार उघडायचं मात्र सुचत नाही.

पण फट कुठं पाडायची हे डोळ्यांनी ठरवू नये. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडं जाते. फटीजवळ बाहेरचाच दाब जास्त असला तर गरम हवा उलटी आत येईल. हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्यावी, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधावी आणि तिच्यात रंगीत पाणी भरावं. एक टोक बोनेटखाली सोडायचं. दुसऱ्या टोकाला सलाईनची बारीक नळी जोडून ती फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, ठरवलेल्या जागी टेपनं सपाट चिकटवायची, तोंड बंद करून बाजूला सुईनं छिद्र पाडायचं, नाहीतर वारा थेट तोंडात शिरून आकडा फसवेल. गाडी चालवणारा एक, नळी वाचणारा दुसरा. ताशी 80 किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा पूर्ण जोर फक्त 30 मिलिमीटर पाण्याइतका असतो, 40 ला तर साडेसात. फटीच्या वाट्याला त्यातलाही अंश येतो. दोन-चार मिलिमीटर पाणी बाहेरच्या बाजूला चढलं तर जागा बरी. उलट चढलं तर टेप काढून दुसरीकडं लावावी, पत्रा अजून शाबूत आहे. फेंडरवर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवून शेजारच्या गाडीतून बघितलं तर वारा पत्र्याला धरून वाहतोय की भोवरे घेतोय तेही कळतं.

कापायचं काम त्यामानानं सोपं. पुढचा फेंडर नटबोल्टवर असतो, तो उतरवून बाकावर घ्यावा. भंगारातून जुना मिळाला तर आणखी चांगलं. मागच्या चाकावरचा पत्रा सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, त्याला घरी हात लावू नये. आतून वायरिंग, एसीची पाइप, काचेच्या पाण्याची टाकी कुठं येते ते आधी बघायचं. पुठ्ठ्याचा साचा कापून एका कडेला आखणी करायची, तोच साचा उलटून दुसरीकडं. इथं घाई केली की दोन फटी एका उंचीवर येत नाहीत आणि ते लांबून दिसतं. चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलनं गोल भोक पाडायचं, मग मधला पत्रा कापायचा. कोपरा टोकदार राहिला तर हादऱ्यानं तिथूनच चीर जाते. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, म्हणून कापलेली कडा आत दुमडली की तो ताठ होतो. उघड्या कडेला त्याच दिवशी प्रायमर, नाहीतर पहिल्या पावसात गंज.

फटीत बसणाऱ्या पात्यांची चौकट फायबरची करतात. इथल्या मे महिन्यात रेझिन फार लवकर धरतं. हार्डनर एक-दोन टक्क्यांतच ठेवावा, कालवावं थोडं थोडं, काम सकाळी उरकावं. उन्हात मोठा डबा एकदम कालवला तर मॅट बसवायच्या आत तो डब्यातच गरम होऊन दगड होतो. पाती मागं झुकलेली हवीत. पुढं तोंड करून बसवली तर दिसतील छान, पण हवा बाहेर जायच्या ऐवजी आत येईल. अशा उलट्या पात्यांच्या गाड्या रस्त्यावर कमी नाहीत.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या वेळी कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा बजावलं. छोटी फट त्यात बसते की नाही, हे आरटीओत जाऊन आधीच विचारलेलं बरं. विमा कंपनीलाही कळवावं, अपघातानंतर वाद नको. म्हणूनच भंगारातले फेंडर कापायचे आणि मूळ फेंडर गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे. पासिंगला, विकायला, किंवा हौस फिटल्यावर तेच लागतात.

आणि शेवटी इथल्या रस्त्यांचा हिशेब. गळीत हंगामात कुंडल-पलूसच्या वाटेवर उसाचं पाचट उडत असतं. फटीमागं जाळी लावली नाही तर ते आत जातं, लावली तर जाळीवरच बसतं. म्हणून जाळी आतून दोन स्क्रूंवर, हातानं निघेल अशी असावी. पावसाळ्यात चाकानं उडवलेला चिखल आतून फटीच्या तळाला साचतो, तिथं पाणी निथळायला करंगळीएवढं भोक ठेवावं लागतं. ते विसरलं तर वर्षभरात प्रायमरखालून पत्रा फुगायला लागतो आणि मग त्याच शेडपुढं, उसाच्या ट्रॉलीमागं नंबर लावावा लागतो.